एकसष्ट हजारांकडे परतायला बहात्तर वर्षं

२ फेब्रुवारी १९५२. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात, अ‍ॅनफील्डच्या मैदानावर एफए कपचा सामना होता: लिव्हरपूल विरुद्ध वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. त्या दिवशी मैदानात ६१,९०५ प्रेक्षक होते. आज त्याच मैदानाची अधिकृत क्षमता ६१,२७६ आहे, म्हणजे १९५२ च्या गर्दीपेक्षा ६२९ ने कमी. आणि एवढ्यापर्यंत पोचायला लिव्हरपूल क्लबला एकेक स्टँड पाडून, वाढवून, उंच करून पुन्हा बांधावा लागला, कोट्यवधी पौंड खर्चावे लागले आणि बहात्तर वर्षं जावी लागली.

जागा तीच, खेळ तोच, माणसांची संख्याही जवळपास तीच. मग एवढा खर्च कशावर झाला? १९५२ चे बहुतेक प्रेक्षक उभे होते आणि आजच्या प्रत्येकाला स्वतःची खुर्ची आहे. उभ्या माणसाला बसवायला किती सिमेंट, किती पोलाद, किती पैसा आणि किती माणसांचे जीव लागले, याचा हा हिशोब आहे.

अ‍ॅनफील्डवर फुटबॉल सुरू झाला १८८४ मध्ये, आणि तो खेळत होता एव्हर्टन हा क्लब. भाड्यावरून जागेच्या मालकाशी बिनसलं, एव्हर्टन १८९२ मध्ये निघून गेला आणि रिकाम्या मैदानासाठी त्या मालकाने, म्हणजे जॉन होल्डिंग यांनी, नवा क्लब काढला. तोच लिव्हरपूल. १९०६ मध्ये एका गोलपोस्टमागे उभ्याने सामना पाहण्यासाठी उतरता भराव घातला गेला, आणि एका स्थानिक क्रीडा संपादकाच्या सूचनेवरून त्याला ‘स्पायन कॉप’ हे नाव मिळालं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, स्पायन कॉप नावाच्या टेकडीवर ब्रिटिश सैन्याची मोठी हानी झाली होती. मेलेल्यांत लँकेशायरचे, लिव्हरपूलचे अनेक तरुण होते. त्याच लढाईत जखमी सैनिकांना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्यांत सुमारे ११०० भारतीयांचं एक पथक होतं आणि त्याचं नेतृत्व करत होते मोहनदास करमचंद गांधी. फुटबॉलमधल्या सगळ्यात प्रसिद्ध स्टँडच्या नावामागे आपल्या माणसांचाही इतिहास आहे, हे आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांनी लक्षात ठेवावं असं आहे.

१९२८ मध्ये कॉपवर छप्पर चढलं. भरल्या दिवशी त्या एका उतारावर २८ हजारांच्या आसपास माणसं उभी राहत.

जगभर तेच होतं. १९३७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला सुमारे १ लाख ४९ हजार लोक आले होते. १९५० च्या विश्वचषकात रिओच्या माराकानावर ब्राझील-उरुग्वे सामन्याची १,७३,८५० तिकिटं खपली आणि प्रत्यक्षात त्याहूनही जास्त लोक आत होते. १९९७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान फेडरेशन कपमध्ये भिडले तेव्हा १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. आज हॅम्पडेनची क्षमता ५२ हजारांच्या आसपास आहे, माराकानाची ७८ हजारांच्या. सॉल्ट लेकवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तेव्हा तुडुंब भरलेल्या स्टेडियमचा आकडा होता ६६,६८४. मैदानं आकसलेली नाहीत. प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारी जागा वाढली आहे.

ही जागा मोजता येते. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेची एक मार्गदर्शिका आहे, तिला सगळे ‘ग्रीन गाइड’ म्हणतात. १९७३ मध्ये ती पहिल्यांदा निघाली आणि तेव्हापासून सुधारत आली आहे. तिच्या हिशोबाने, सगळी व्यवस्था चोख असली तरी उभ्या प्रेक्षकांच्या जागेत १० चौरस मीटरमध्ये जास्तीत जास्त ४७ माणसं. खुर्ची असेल तर एका माणसाला रुंदीत ५० सेंटिमीटर आणि पुढच्या-मागच्या रांगांत ८० सेंटिमीटर अंतर असावं. म्हणजे माणशी ०.४ चौरस मीटर, आणि त्याच १० चौरस मीटरमध्ये फक्त २५ माणसं. ४७ चे २५. उभा स्टँड बसता करायचा म्हटलं की एकाही विटेला हात न लावता निम्मं मैदान रिकामं होतं.

पूर्वी ४७ ची मर्यादाही कोणी पाळत नसे. गर्दी एका चौरस मीटरला सहा-सात माणसांच्या पुढे गेली की माणसाचा स्वतःच्या पायांवरचा ताबा जातो. जिकडे लोट जाईल तिकडे तो जातो, पाय जमिनीवरून उचलले जातात, छाती फुगायला जागा उरत नाही. अशा गर्दीत माणसं बहुतेक तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्याउभ्या गुदमरून मरतात. १९४६ मध्ये बोल्टनला ३३ जण गेले. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर, सामना संपल्यावर जिन्यावरून उतरताना ६६ जण गेले. प्रत्येक वेळी चौकशी झाली, अहवाल आला, आणि पुढच्या मोठ्या सामन्याला लोक पुन्हा तसेच कोंबले गेले.

१५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा एफए कपचा उपांत्य सामना होता. गोलमागच्या उभ्या जागेचे कुंपणं घालून कप्पे पाडलेले होते. मधल्या दोन कप्प्यांची कागदोपत्री क्षमता २,२०० होती. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ त्याच दोन कप्प्यांत शिरले आणि तिथला आकडा ३,००० च्या वर गेला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे कोणी वळवलं नाही. पुढे उंच जाळीचं कुंपण, मागून लोट. सामना सुरू होऊन सहा मिनिटं झाली आणि थांबवावा लागला. मृतांची अंतिम संख्या ९७. दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. तो पुसायला त्यांच्या घरच्यांना २७ वर्षं लढावं लागलं. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की या माणसांचा बेकायदेशीरपणे बळी गेला आणि प्रेक्षकांचा त्यात काही दोष नव्हता.

हिल्सबरोची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला जागा हवी, ही त्यातली सगळ्यात मोठी शिफारस. ३० एप्रिल १९९४ ला कॉपवर माणसं शेवटची उभी राहिली. लिव्हरपूल तो सामना नॉर्विचकडून ०-१ ने हरलं. लगेच कॉप पाडला गेला आणि खुर्च्यांचा नवा स्टँड उभा राहिला. त्याची क्षमता साधारण १२,४००. जिथे एकेकाळी २८ हजार उभे राहत होते, तिथले १५ हजारांहून अधिक लोक बाहेर गेले. त्यांना परत आत आणायची धडपड पुढची तीस वर्षं चालू राहिली.

जुन्या मैदानाला वाढायला जागा कुठून आणायची? अ‍ॅनफील्डच्या चारी बाजूंना कामगारवस्ती, एकाला एक चिकटलेली विटांची बैठी-दुमजली घरं. क्लबने १९९२ मध्ये शंभरी साजरी करताना केमलिन रोडच्या बाजूला दुसरा मजला चढवला, त्यासाठी त्या रस्त्यावरची घरं विकत घ्यावी लागली. दोन वयस्कर बहिणी आपलं घर सोडायला वर्षानुवर्षं तयार नव्हत्या आणि तोवर सगळं काम अडून राहिलं. पुढे मुख्य स्टँडच्या मागच्या रस्त्यांवरही तेच झालं. घरं विकत घेतली गेली, रिकामी ठेवली गेली, खिडक्यांवर पत्रे ठोकले गेले. शेजार ओस पडला. जे मागे राहिले त्यांना वर्षानुवर्षं त्या भकास गल्ल्यांत दिवस काढावे लागले. मोठ्या स्टेडियमच्या कोणत्याही कौतुकात हा आकडा कोणी धरत नाही, पण खर्च मोजायचा तर तोही मोजला पाहिजे.

मधल्या काळात क्लबने जागाच सोडायचं ठरवलं होतं. २००२ पासून शेजारच्या स्टॅनली पार्कमध्ये नवं, ६० हजारांचं स्टेडियम बांधायच्या योजना होत होत्या. मालक बदलले, नकाशे बदलले, जगात मंदी आली, स्टेडियम काही उभं राहिलं नाही. २०१० मध्ये आलेल्या नव्या मालकांनी २०१२ मध्ये स्पष्ट केलं की आहे त्याच मैदानाला वाढवायचं.

हा निर्णय आकड्यांत किती शहाणपणाचा होता हे शेजारच्या एव्हर्टनकडे पाहिलं की कळतं. एव्हर्टनने आपलं ३९ हजारांचं गुडिसन पार्क सोडून २०२५ मध्ये मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीत ५२ हजारांहून अधिक क्षमतेचं नवं स्टेडियम गाठलं. स्टेडियम देखणं आहे, क्लबची ती गरजही होती. पण खर्च ७५ कोटी पौंडांच्या वर गेला आणि वाढलेल्या जागा साधारण तेरा हजार. प्रत्येक वाढीव जागेमागे पंचावन्न हजार पौंडांहून जास्त. लिव्हरपूलला वाढीव जागा याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात पडली.

एक रांग वाढवायला काय लागतं ते जवळून पाहू.

मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जाऊन मैदानाच्या जवळच्या कडेला टेकली पाहिजे. पुढच्याच्या डोळ्यांपासून मागच्याच्या नजरेची रेषा जितकी वरून जाते त्या अंतराला स्टेडियमचे आराखडे करणारे ‘सी’ म्हणतात. ६ सेंटिमीटर असेल तर मान वाकडी करावी लागते, ९ असेल तर चांगलं दिसतं, १२ असेल तर उत्तम. आपण ९ धरू आणि रांगांमधलं अंतर ८० सेंटिमीटर. कडेपासून १० मीटरवर, २ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाच्या मागची पायरी किती उंच हवी? हिशोब केला तर २६ सेंटिमीटर, घरातल्या जिन्याच्या पायरीपेक्षा थोडी जास्त. आता कडेपासून ४० मीटर मागे आणि २० मीटर वर या. तोच ९ सेंटिमीटरचा मोकळा पट्टा मिळवायला पायरी ४९ सेंटिमीटरची करावी लागते, आणि उतार जवळपास ३२ अंशांचा होतो. साधारण ३४ अंशांच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे, कारण त्यापुढे माणसाला उतरताना तोल जाईल असं वाटू लागतं.

याचा अर्थ सरळ आहे. खालची रांग स्वस्त, वरची महाग, आणि प्रत्येक नवी रांग आधीच्या रांगेपेक्षा महाग. वरच्या मजल्यावर ३० रांगा टाकायच्या तर नुसत्या पायऱ्यांचीच उंची १५ मीटर होते, पाच मजल्यांच्या इमारतीएवढी. तिच्याखाली खांब, जिने, स्वच्छतागृहं, खाण्याचे ठेले. तिच्यावर छप्पर, आणि त्या छपराला समोर एकही खांब नको, कारण खांबामागे बसलेल्याला सामना दिसत नाही.

म्हणून अ‍ॅनफील्डच्या मुख्य स्टँडच्या छपरासाठी पोलादाची एकच प्रचंड कैची वापरली गेली. लांबी १४० मीटर, वजन सुमारे ६५० टन. मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलचे सहा-सात डबे एका रांगेत हवेत टांगावेत एवढी ती लांब. २०१५ च्या उन्हाळ्यात ती वर चढली. आणि हे सगळं होत असताना खाली जुन्या स्टँडमध्ये सामने चालू होते. नवा स्टँड जुन्याच्या मागून आणि वरून उभा राहिला. मे २०१६ मध्ये हंगाम संपला, जुनं छप्पर उतरवलं, दोन्ही भाग जोडले, आणि १० सप्टेंबर २०१६ ला लेस्टर सिटीविरुद्ध नवा स्टँड भरला. सुमारे साडेआठ हजार जागा वाढल्या, त्या एका स्टँडमध्ये २० हजारांहून अधिक माणसं बसू लागली आणि मैदानाची क्षमता ५४ हजारांवर पोचली. खर्च ११ कोटी पौंडांच्या घरात.

मग पाळी आली दुसऱ्या गोलमागच्या अ‍ॅनफील्ड रोड स्टँडची. तिथे स्टँडच्या पाठीला लागून रस्ता होता, तोच वळवून घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये काम सुरू झालं. सात हजार जागा, ८ कोटी पौंड. स्टँड ऑगस्ट २०२३ ला तयार व्हायचा होता, नेमका त्याच महिन्यात बांधकाम कंपनीचं दिवाळं निघण्याची वेळ आली आणि काम थांबलं. दुसऱ्या कंपनीने ते उचललं. डिसेंबर २०२३ मध्ये वरचा मजला अर्धवट उघडला तेव्हा मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ५७,१५८ प्रेक्षक आले. १० फेब्रुवारी २०२४ ला बर्नलीविरुद्ध ५९,८९६ आले आणि १९४९ मधला ५८,७५७ चा लीग सामन्यांचा विक्रम मोडला. तो विक्रम मोडणाऱ्या प्रत्येकासाठी खुर्ची होती.

८ कोटी पौंडांना सात हजारांनी भागलं तर एका खुर्चीला सुमारे ११,४०० पौंड. त्या वेळच्या दराने बारा लाख रुपये. एका प्लॅस्टिकच्या घडीच्या खुर्चीसाठी! पण ती खुर्ची आहे कुठे, तर जमिनीपासून कितीतरी मीटर वर, छपराखाली, जिथून अख्खं मैदान दिसतं आणि जिथून माणूस सुखरूप खाली उतरू शकतो. पैसा त्या उतरण्यासाठी लागतो.

कारण स्टेडियमची क्षमता खुर्च्या मोजून ठरत नाही. ग्रीन गाइड चार आकडे काढायला सांगते: किती माणसं मावतात, एका तासात किती आत येऊ शकतात, सामना संपल्यावर ठरलेल्या वेळेत किती बाहेर पडू शकतात आणि आग लागली तर किती बाहेर पडू शकतात. या चारांतला सगळ्यात लहान आकडा हीच त्या मैदानाची क्षमता. लाख खुर्च्या टाका, जिना पन्नास हजारांचा असेल तर तिकिटं पन्नास हजारच.

हा हिशोब आपण करून पाहू. एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची. ६१,२७६ लोकांना तासाभरात आत घ्यायचं तर ९३ फाटकं हवीत. बाहेर पडताना सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६. जागेवरून उठून मोकळ्या, वाहत्या वाटेला लागायला जास्तीत जास्त आठ मिनिटं. म्हणजे एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून आठ मिनिटांत ५२८ माणसं. नुसत्या नव्या सात हजारांसाठी १३ मीटरहून जास्त रुंदीचे जिने लागतात. सव्वा मीटरचा एक जिना धरला तर अकरा जिने. संपूर्ण मैदानाला, सगळे सपाट वाटेने गेले असं मानलं तरी, ९३ मीटर रुंदीची दारं हवीत. अ‍ॅनफील्डचं मैदान लांबीला १०१ मीटर आहे. मैदानाच्या जवळजवळ अख्ख्या लांबीएवढं दार.

जिन्यावर मीटरला मिनिटाला ६६ माणसं, हा आकडा आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर २३ माणसं गुदमरून गेली. तिथे कोणता सामना नव्हता. पावसात अडकलेली, कामावर निघालेली माणसं होती. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ तरुण गेले. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाला आलेली ११ माणसं गेली. प्रत्येक ठिकाणी माणसं जास्त होती आणि वाट कमी होती. हा भागाकार आधी करता येतो. कागद, पेन्सिल आणि टेप एवढंच त्याला लागतं.

आपल्याकडे आता नवी स्टेडियमं बांधली जात आहेत, जुनी वाढवली जात आहेत आणि ‘देशातलं सगळ्यात मोठं’, ‘जगातलं सगळ्यात मोठं’ अशी त्यांची ओळख करून दिली जाते. आकड्याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. लिव्हरपूलनेही ६१ हजारांसाठी जिवाचं रान केलं. पण तिथे आधी ९७ माणसं गेली आणि मग हे शहाणपण आलं. आपल्याला ते वाचून घेता येतं.

म्हणून सामन्याला, कार्यक्रमाला, जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने आणि ते भरवणाऱ्यांना जाब विचारू शकणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाने, पत्रकाराने, संघटनेने एक प्रश्न लावून धरावा. कुठल्याही मैदानाची क्षमता सांगितली गेली की विचारा: एवढी माणसं किती मिनिटांत बाहेर पडतील, आणि त्यासाठी किती मीटर रुंदीचे जिने आणि दारं आहेत? उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर सांगितलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवू नका आणि आपल्या मुलांना तिथे पाठवू नका.